एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ प्लेअर होम थिएटरला जोडताना: गावातल्या घरासाठी सविस्तर पद्धत

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी पहिला एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सीडीहून उच्च दर्जाच्या आवाजाची डिस्क) प्लेअर आला, तेव्हा मी तो रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, ऑप्टिकल वायरने जोडला. डिस्क घातली, पण आवाज नाही. मेनूत ‘सीडी लेअर’ असा पर्याय सापडला, तो निवडला आणि आवाज सुरू झाला. सगळे स्पीकर वाजत होते. कित्येक महिने मी तसंच ऐकलं. एका संध्याकाळी काका शेजारी येऊन बसले, दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "काहून रे बाबू, समोरचे डब्बे जे गाते तेच मांगचे बी गाते. मंग इतके डब्बे कायले?"

तेव्हा मी रिसीव्हरचा डिस्प्ले पहिल्यांदा नीट वाचला. तिथे ‘मल्टी चॅनल स्टीरिओ’ असं लिहिलं होतं. नावात मल्टी चॅनल असलं तरी तो दोनच चॅनलचा (चॅनल म्हणजे एका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज) आवाज होता, रिसीव्हर तो सगळ्या स्पीकरवर वाटत होता. डिस्कवरचं खरं बहुचॅनल ध्वनिमुद्रण आमच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. म्हणून वायर कुठे लावायची याच्या इतकंच महत्त्व मी इथे एका गोष्टीला देणार आहे: रिसीव्हरपर्यंत नेमकं काय पोचलं हे प्रत्येक पायरीवर तपासणं.

हातातली डिस्क कोणती?

एसएसीडी सोनी आणि फिलिप्सने १९९९ साली आणली. बहुतेक एसएसीडी ‘हायब्रिड’ असतात. एकाच डिस्कमध्ये दोन थर: एक साध्या सीडीचा, जो कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजतो, आणि दुसरा उच्च दर्जाचा, जो फक्त एसएसीडी प्लेअरला वाचता येतो. उच्च दर्जाच्या थरातही दोन भाग असू शकतात, दोन चॅनलचा स्टीरिओ आणि सहा चॅनलपर्यंतचा मल्टी चॅनल. सगळ्या एसएसीडीवर मल्टी चॅनल नसतं. विकत घेण्याआधी कव्हरच्या मागे तसा उल्लेख आहे का ते पाहा.

डीव्हीडी-ऑडिओ २००० साली आली. तिच्यात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत (आवाज किती बारकाईने नोंदवला याची ही मापं) सहा चॅनल मावतात. बऱ्याच डीव्हीडी-ऑडिओवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा (दाबून लहान केलेल्या आवाजाचा) वेगळा भाग दिलेला असतो. प्लेअर डीव्हीडी-ऑडिओ ओळखणारा नसेल, तर तो मुकाट्याने हाच भाग वाजवतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तिसरा प्रकार ब्लू-रे ऑडिओ. तो कुठल्याही ब्लू-रे प्लेअरवर चालतो, त्यामुळे सगळ्यांत कमी त्रासाचा.

प्लेअर घेताना मॉडेलची माहिती वाचून खात्री करा. ओप्पोचे सगळ्या डिस्क वाजवणारे प्लेअर लोक अजून शोधतात, पण कंपनीने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, आता ते जुन्या बाजारातच मिळतात. सोनीचा यूबीपी-एक्स८०० एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाजवतो, पण त्याला मागे अ‍ॅनालॉग आउटपुट नाही. हा मुद्दा पुढे फार कामाचा आहे.

परदेशातून कुणी जुना प्लेअर आणून दिला असेल, तर प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानसाठी बनलेला प्लेअर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावला तर त्याच क्षणी जळतो. पट्टीवर १००-२४० असा पल्ला छापलेला असेल तर चिंता नाही, नाहीतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो.

ऑप्टिकल वायर का पुरत नाही

साध्या सीडीमधून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट वाहतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या सहा चॅनलला १ कोटी ३८ लाख लागतात. एसएसीडीच्या सहा चॅनलला जवळपास १ कोटी ६९ लाख. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल वायरवरून दोन चॅनलचा मूळ आवाज जातो, किंवा सहा चॅनलचा दाबून लहान केलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. आपल्या डिस्कवरचा आवाज या वाटेने मूळ रूपात जातच नाही. त्यात कॉपी होण्याच्या भीतीमुळे एसएसीडीचा थर या वायरवर सोडायचाच नाही असा नियम निर्मात्यांनी घातला. माझ्याकडे आवाज आला नव्हता त्याचं कारण हेच.

म्हणून वाटा दोनच उरतात: एचडीएमआय, नाहीतर सहा अ‍ॅनालॉग वायर. कुठली धरायची हे प्लेअर आणि रिसीव्हर या दोघांच्या मागच्या बाजूवर ठरतं. टॉर्च घेऊन दोन्हींच्या पाठी वाचा. रिसीव्हरला एचडीएमआयचे ‘इन’ असतील, तर पहिली वाट. एचडीएमआय नाही, पण ‘मल्टी चॅनल इन’, ‘५.१ इनपुट’ किंवा ‘एक्स्टर्नल इन’ अशा नावाखाली सहा-आठ गोल खोबण्या असतील, तर दुसरी वाट. मात्र तेवढेच गोल आउटपुट प्लेअरलाही हवेत. आपल्याकडे डीव्हीडीच्या काळात घेतलेले ५.१ चे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खालच्या बासचा डब्बा) सेट अजून बऱ्याच घरांत आहेत. सबवूफरच्या डब्याच्या मागे सहा आरसीए इनपुट (त्याच गोल खोबण्या) असलेले हे सेट दुसऱ्या वाटेने एसएसीडी वाजवतात. त्यांना कमी लेखू नका. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर या डिस्कसाठी आधी रिसीव्हर बदलावा लागेल. जुना पण एचडीएमआयचा रिसीव्हर घेणं हा तेव्हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

वायरिंगच्या आधी लाईन

शहरातल्या माणसाने हा भाग सोडला तर चालेल, आपल्याला नाही. आमच्याकडे रात्रपाळीची थ्री फेज आली की शिवारातले मोटारपंप एकदम सुरू होतात. तेव्हा घरातल्या मल्टिमीटरवर मी १७० व्होल्टपर्यंत आकडा पाहिलेला आहे. एवढ्या कमी व्होल्टेजला रिसीव्हर मध्येच बंद पडतो. त्यासाठी स्टॅबिलायझर हवा.

पण स्टॅबिलायझरने वाचवता येत नाही असा एक प्रसंग असतो. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या डीपीवर न्यूट्रल सुटला. घराघरांतले बल्ब झगझगले आणि फुटले. न्यूट्रल सुटला की घरातलं व्होल्टेज ४०० कडे जाऊ शकतं. यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईनच तोडणारं, ओव्हर-अंडर व्होल्टेजचं कट-ऑफ उपकरण मिळतं. रिसीव्हरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. आधी ते लावा, डिस्क नंतर घ्या.

अर्थिंगही पाहून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. कागदावर अर्थिंग असतं, प्रत्यक्षात नसतं. मार्चपासून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. वायरमनकडून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं व्होल्टेज मोजून घ्या: पहिलं लाईनच्या व्होल्टेजइतकं आणि दुसरं अगदी थोडं यायला हवं. स्पीकरमधून सतत घुमणारी ‘हुंम’ येत असेल, तर डिश अँटेनाची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. आवाज थांबला तर दोष त्या वाटेचा. प्लेअर, रिसीव्हर आणि टीव्ही एकाच बोर्डावर घेतले की हा त्रास बराच कमी होतो. हुंम घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका, तो जिवावरचा आहे.

इन्व्हर्टर साधा, म्हणजे स्क्वेअर वेव्हचा असेल, तर भारनियमनात रिसीव्हर त्यावर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही. विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही भिंतीतून बाहेर. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

पहिली वाट: एचडीएमआय

सगळं बंद ठेवून प्लेअरचं ‘एचडीएमआय आउट’ रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय इन’ला जोडा आणि रिसीव्हरचं ‘आउट’ टीव्हीला. क्रम हाच. प्लेअर थेट टीव्हीला आणि तिथून ऑप्टिकलने रिसीव्हरला, ही जोडणी मी बहुतेक घरांत पाहतो. तिच्यात डिस्कवरचा आवाज टीव्हीच्या दारातच अडतो. टीव्ही फोरके आणि रिसीव्हर जुना असेल, तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर सोयीचा: एक वायर चित्रासाठी टीव्हीला, दुसरी आवाजासाठी रिसीव्हरला.

रिसीव्हर किती जुना चालेल? डीव्हीडी-ऑडिओसाठी एचडीएमआय १.१ लागतं, ते २००४ मध्ये आलं. एसएसीडीचा मूळ डीएसडी प्रवाह (एसएसीडीवर आवाज ज्या डिजिटल रूपात असतो तो) २००५ च्या १.२ पासून जातो. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ रिसीव्हरने स्वतः उलगडावेत असं वाटत असेल, तर २००६ चं १.३ हवं. रिसीव्हर यापेक्षा जुना असला तरी धीर सोडू नका. प्लेअरच आवाज उलगडून पीसीएममध्ये (सीडीवर असतो त्या साध्या डिजिटल रूपात) देऊ शकतो, आणि मल्टी चॅनल पीसीएम जवळपास सगळे एचडीएमआय रिसीव्हर घेतात. मात्र काही अगदी जुने रिसीव्हर एचडीएमआयमधून फक्त चित्र पुढे ढकलतात, आवाज घेत नाहीत, तेवढं माहितीपुस्तकात पाहा.

आता प्लेअरच्या ऑडिओ मेनूत जा. डीएसडी आउटपुट सुरुवातीला ‘ऑफ’ ठेवा, म्हणजे पीसीएम जाईल. शुद्धतेचा आग्रह असणाऱ्यांना हे पटणार नाही. पण अनेक रिसीव्हर डीएसडी आल्यावर स्पीकरचं अंतर आणि बास वाटपाचं गणित एकतर करत नाहीत, किंवा ते करण्यासाठी आत स्वतःच पीसीएम करून घेतात. लहान स्पीकरच्या घरात ते गणित होणं जास्त महत्त्वाचं. एसएसीडीचा २.८२२४ मेगाहर्ट्झचा दर बरोबर ३२ने भागला की ८८.२ किलोहर्ट्झ येतो, म्हणून डिस्प्लेवर बहुधा हाच आकडा किंवा त्याची दुप्पट १७६.४ दिसते. ४४.१ किंवा ४८ दिसलं तर कुठेतरी आवाज खाली उतरवला जातोय. मेनूत ४८ किलोहर्ट्झची मर्यादा सुरू आहे का ते पाहा. ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. एसएसीडीच्या मेनूत थर ‘एसएसीडी’ आणि भाग ‘मल्टी’ निवडा.

दुसरी वाट: सहा वायर

या वाटेला कष्ट जास्त, पण नीट केली तर आवाजात कुठेही कमीपणा राहत नाही. सहा सुट्या वायरी घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही वायरीचे दोन चांगले संच पुरतात. पिवळी चित्रासाठी म्हणून विकली जाते, आवाजालाही ती चालते. फक्त बारीक, कागदासारखी वाकणारी वायर नको, तिचं कवच नावापुरतं असतं आणि हुंम तिथूनच शिरते. दोन्ही संच एकाच लांबीचे घ्या.

मी असं लावतो: पहिल्या संचात लाल समोरचा उजवा, पांढरी समोरचा डावा, पिवळी मधला. दुसऱ्या संचाच्या दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळायची. त्यात लाल मागचा उजवा, पांढरी मागचा डावा, पिवळी सबवूफर. टेपची आठवण सहा महिन्यांनी झाडझूड करताना होते. ५.१ च्या काही सेटना आरसीएऐवजी कॉम्प्युटरसारख्या तीन बारीक पिना असतात. तिथे हिरवी समोरचे दोन, काळी मागचे दोन आणि नारिंगी मधला व सबवूफर.

एकदम सहाही जोडू नका. प्लेअरचा टेस्ट टोन सुरू करून एकेक वायर लावत जा आणि त्या-त्या स्पीकरला कान लावा. उजव्या-डाव्याची अदलाबदल इथेच सापडते.

यातली सगळ्यांत मोठी अडचण पुढे येते. या इनपुटवर आलेला आवाज बहुतेक रिसीव्हर जसाच्या तसा पुढे पाठवतात. तुम्ही रिसीव्हरमध्ये माइक लावून केलेली खोलीची दुरुस्ती, स्पीकरचं अंतर, लहान-मोठा ही निवड, काहीच लागू होत नाही. हे सगळं प्लेअरच्या मेनूत पुन्हा करावं लागतं. छोटे स्पीकर असतील तर तिथे ‘स्मॉल’ निवडा, म्हणजे त्यांचा खालचा बास सबवूफरकडे वळेल. ‘लार्ज’ राहिलं तर तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो आणि लोक डिस्कला दोष देतात. एसएसीडी मूळ डीएसडीत वाजताना काही प्लेअर हे वाटप करतच नाहीत. तुमचा तसा असेल तर त्यातही पीसीएमचा पर्याय निवडा.

सबवूफर फारच दबलेला वाटला तर घाबरू नका. त्याचं चॅनल १० डेसिबल खाली ठेवून नोंदवायची पद्धत आहे, वाजवताना ते वर उचलावं लागतं. बऱ्याच रिसीव्हरमध्ये मल्टी चॅनल इनपुटचा सबवूफर १० किंवा १५ डेसिबलने वाढवण्याची सोय असते. ती नसेल तर सबवूफरच्या मागच्या बटणाने वाढवा.

सुतळी घेऊन स्पीकर मांडा

अंतराची दुरुस्ती न करणारे प्लेअर असतात, म्हणून पाचही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर आले तर अर्धं काम आपोआप होतं. यासाठी सुतळीसारखं साधन नाही. बसायच्या जागी डोक्याच्या उंचीवर सुतळीचं एक टोक धरा. ५ फुटांवर गाठ मारा. समोरचे दोन स्पीकर तुमच्यापासून ५ फूट आणि एकमेकांपासूनही ५ फूट, म्हणजे प्रत्येक मध्यरेषेपासून ३० अंशांवर येतो. मधला समोर, ५ फुटांवरच. मागचे दोन ११० अंशांच्या आसपास हवेत: तुमच्यापासून ५ फूट आणि त्याच बाजूच्या समोरच्या स्पीकरपासून ६ फूट ५ इंच. पाठीमागच्या भिंतीला टांगलेले स्पीकर सिनेमाला चालतात, या डिस्कला ते फार मागे पडतात. खोली मोठी असेल तर ७ आणि ९ फूट हे माप धरा. सबवूफर कोपऱ्यात घुमला की एक-दोन फूट पुढे ओढून पाहा.

स्पीकरसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी तांब्याची वायर छान चालते, लांब पल्ल्याला २.५ ची. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एक जरी उलटं झालं तर बास पातळ होतो. शंका असेल तर स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून त्याच्या टोकांना घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. धन टोक लालला असताना पडदा बाहेर सरकला पाहिजे. वायरी उघड्या सोडू नका, उंदीर त्या कुरतडतात. पीव्हीसी केसिंगमधून न्या.

सिमेंटची मोकळी खोली आणि वर टिनपत्रे असतील, तर मध्ये उभं राहून टाळी वाजवा. झणझण मागे रेंगाळली तर कुठल्याही डिस्कचा बारकावा तिथे बुडेल. आपण कपाशीच्या मुलखात राहतो, यावर उपाय घरातच आहे. कापसाच्या दोन जाड गाद्या मागच्या भिंतीला उभ्या करा, समोर जमिनीवर सतरंजी टाका आणि परत टाळी वाजवा. फरक लगेच कळतो.

मग पातळी. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, बसायच्या जागी धरा आणि टेस्ट टोनवर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. आकडा अचूक नसला तरी सगळ्यांसाठी सारखाच चुकतो, तेवढं पुरे. हे कूलर बंद ठेवून करा. तो चालू असला की मागच्या स्पीकरची मापं त्याच्या घरघरीत हरवतात.

खरंच पोचलं का?

रिसीव्हर ‘डायरेक्ट’वर करा. आवाज वाटणारे सगळे मोड त्याने बंद होतात. आता मल्टी चॅनलची डिस्क वाजवा. फक्त समोरचे दोन वाजले, तर अजून स्टीरिओच येतोय. प्लेअरमध्ये ‘मल्टी’ निवडलंय का पाहा. पाचही वाजले, तर एकेका स्पीकरजवळ जाऊन ऐका. मागचे दोन समोरच्यांपेक्षा वेगळं काही वाजवत असतील, सभागृहाचा घुमारा, टाळ्या, एखादं वेगळं वाद्य, तर काम झालं. एचडीएमआय असेल तर डिस्प्लेवर ‘मल्टी’ आणि ८८.२, ९६ किंवा त्याहून मोठा आकडा, किंवा ‘डीएसडी’ ही अक्षरं शोधा. सहा वायरच्या वाटेवर रिसीव्हर यातलं काही सांगत नाही. तिथे प्लेअरच्या खिडकीत एसएसीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओचं चिन्ह उजळलेलं हवं. डीव्हीडी-ऑडिओत ‘ग्रुप’ असतात, सहा चॅनलचा ग्रुप टीव्हीच्या मेनूतून निवडावा लागतो, म्हणून पहिल्या वेळी टीव्ही चालूच ठेवा.

आमच्या घरी ही तपासणी झाली तेव्हा काकांना परत बोलावलं. पहिल्यांदा त्यांनी मान वळवून मागच्या स्पीकरकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता मांगं कोनी बसलं हाये."

सगळं जुळलं की प्लेअरच्या प्रत्येक मेनूचा आणि मागच्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, आणि आकडे कागदावर लिहून रिसीव्हरच्या वर चिकटवा. एप्रिल-मे महिन्यात रिसीव्हरच्या वर किमान वीतभर जागा मोकळी सोडा आणि कूलरची दमट हवा थेट त्यावर येऊ देऊ नका. कपाशी वेचणीच्या दिवसांत बंद असताना सुती कापडाने झाका, चालू करण्याआधी कापड काढा.